निक्षेप : देह, भूमी आणि राजनियम



मनुस्मृतीने व्यवहाराची, म्हणजे न्यायसभेपुढे येणाऱ्या वादांची, अठरा पदे गणली आहेत. त्यांतील पहिले ऋणादान, दुसरे निक्षेप आणि तिसरे अस्वामिविक्रय. निक्षेप म्हणजे विश्वासाने दुसऱ्याच्या स्वाधीन केलेली ठेव. अस्वामिविक्रय म्हणजे जे आपले नाही ते आपले म्हणून विकणे. परमार्गाच्या जुन्या भाषेत ‘निक्षेपणे’ या क्रियेला आणखी एक अर्थ आहे. देह भूमीत ठेवणे, यालाही निक्षेप म्हणतात. लोकव्यवहारात त्यालाच भूमिडाग हा शब्द रूढ झाला आहे. हे दोन अर्थ वरवर पाहता एकमेकांपासून दूरचे वाटतात, परंतु विचार करू जाता ते फार दूरचे नाहीत. ठेव ठेवणारा ती अंधारात कोणाच्या परसात टाकून निघून जात नाही. ज्याच्याकडे ठेवायची त्याला तो सांगतो, साक्षीदार ठेवतो आणि खूण करून ठेवतो. ज्या ठेवीला साक्ष नाही, तिच्याविषयी पुढे वाद होतोच.

हा विचार आज उपस्थित होण्याचे कारण असे की, परमार्गातील अनेक कुटुंबे आपल्या मूळ गावांपासून दूर नगरांत जाऊन राहिली आहेत. विदर्भात, खानदेशात, मराठवाड्यात ज्या गावी चार पिढ्या उपदेशी आहेत, तेथे भूमिडागाची जागा कोठे हे कोणाला विचारावे लागत नाही. गुराख्यालाही ती ठाऊक असते. नगरात मात्र शेजाऱ्याला पंथाचे नाव माहीत असेलच असे नाही, मग त्याची रीत कोठून माहीत असणार? अशा वेळी ‘आपली जमीन आहे, आपण आपल्या जमिनीत ठेवू’ हा विचार सहज मनात येतो. तो कितपत युक्त आहे, शास्त्राच्या दृष्टीने आणि राजनियमाच्याही दृष्टीने, हे पाहावयाचे आहे.

येथे एक दृष्टांत घ्यावा. कोणी एक वासनिक गृहस्थ आहे. मूळचा ऋद्धपूरच्या आसमंतातला. तारुण्यात पोटासाठी मुंबईकडे आला, कळंबोलीच्या लोखंड बाजारात तीस वर्षे हिशेब लिहिला, कामोठ्यास सदनिका घेतली आणि गावाकडची थोडी शेती विकून पनवेलजवळ वीस गुंठे वरकस जमीन घेतली. तीत आंब्याची सात झाडे आहेत. आता वय झाले, श्वास लागतो. एके दिवशी त्याने मुलांना जवळ बसवून सांगितले, “माझा देह अग्नीत घालू नका. या आंब्याखाली भूमीला द्या.” वडील मुलगा म्हणाला, “बाबा, त्यात काय कठीण आहे? सातबारा आपल्या नावावर आहे. कोणाला विचारायचे?” धाकटा म्हणाला, “दादा, हे गाव आता महापालिकेत गेले आहे. उद्या कोणी तक्रार केली तर पोलीस येतील आणि बाबांना पुन्हा वर काढतील.” वडील मुलगा संतापला. आई एवढा वेळ गप्प बसली होती; ती म्हणाली, “आणि मला? मला यांच्याशेजारी ठेवाल ना?” या प्रश्नावर दोघेही निरुत्तर झाले. शेवटी ते आपल्या गुरुस्थानी असलेल्या वृद्ध भिक्षूंकडे गेले आणि दंडवत घालून हा वाद त्यांच्यापुढे ठेवला.

त्या भिक्षूंनी प्रथम जमिनीचा विचार केला नाही, देहाचा केला. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ परमार्गात स्वतंत्र मानले आहेत. देह हा प्रपंचातला, तो जीवाच्या भोगासाठी मिळालेला आहे. जीव त्यात राहतो, परंतु जीव तो नव्हे. हे सिद्धांत म्हणून सर्वांना पाठ असते. पण पाठ असणे वेगळे आणि स्मशानाच्या वाटेवर ते आठवणे वेगळे. म्हणून भिक्षूंनी लीळाचरित्रातील भडोचची लीळा स्मरणात आणून दिली. प्रधानाचा पुत्र हरिपाळदेव निवर्तला. आप्तांनी शोक केला, देह स्मशानात नेला, आता अग्नी देणार इतक्यात श्रीचांगदेव राऊळांनी द्वारावतीस आपले पुर त्यागून त्या देहाचा स्वीकार केला आणि ते शरीर उठून बसले. गर्भीचा, पतिताचा आणि दवडण्याचा असे अवतार स्वीकारण्याचे जे तीन प्रकार शास्त्रात सांगितले आहेत, त्यांतील हा पतिताचा.

या लीळेचे निरूपण नेहमी अवताराच्या अंगाने होते, आणि ते योग्यच आहे. पण तिच्यात देहाच्या अंगानेही पाहण्यासारखे आहे. पित्याने पाहिले ते शरीर तेच होते. तेच हात, तोच चेहरा, तोच कंठ. पित्याला वाटले आपला पुत्र परत आला. परंतु पुत्राचा जीव गेला होता तो गेलाच होता. घर तेच राहिले, घरधनी दुसरा आला. ज्याला आपण ‘माझे वडील’ म्हणून भूमीत ठेवतो, ते वडील तेथे नसतात, हे याहून स्पष्ट कोणी सांगावे? मग त्या देहासाठी ‘माझीच जमीन’, ‘आमचाच आंबा’ असा हट्ट धरणे म्हणजे रिकाम्या घराला कुलूप लावून किल्ली कमरेला बांधणे होय.

तथापि यातून उलट टोकाला जाऊ नये. देहात जीव नाही म्हणून देहाचा अनादर करावा, असे कोणत्याही लीळेत नाही. ज्या देहाने स्मरण केले, भिक्षुकांना अन्न वाढले, स्थाननमस्कार केले, तो देह कचऱ्यासारखा टाकावयाचा नसतो. आणि ज्यास अहिंसा हा आचाराचा पाया आहे, त्याला चितेच्या लाकडांतील जंतूंचाही विचार करावा लागतो. भूमिडागाची रीत याच भावाने टिकली आहे. पण त्याच अहिंसेचा दुसरा पदर पुष्कळदा विसरला जातो. खड्डा शेजाऱ्याच्या विहिरीजवळ खणला तर ती हिंसा नव्हे काय? पनवेलच्या परिसरात पावसाळ्यात भूजल किती वर येते हे तेथील शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. आषाढात भातखाचराच्या कडेला चार फूट खणा, सहाव्या घटकेला त्यात पाणी दिसते. गाढी नदीच्या दोन्ही अंगांना सखल जमीन आहे. तेथे घाईने, उथळ, ओहोळाच्या उताराला दिलेला भूमिडाग खालच्या वस्तीच्या पाण्यात उतरतो. देहाला अग्नीपासून वाचवले आणि जिवंत जीवांना रोगात लोटले, तर अहिंसा कोठे राहिली?

राजनियमाचे मूळ याच चिंतेत आहे. तो पंथाच्या विरुद्ध उभा केलेला नाही. पाण्याचा, रोगराईचा आणि अपराध दडपला जाण्याचा विचार करून तो बांधलेला आहे. ‘स्वतःच्या जमिनीत आप्तास पुरू नये’ असे एका वाक्यात सांगणारा सर्व देशाला लागू असा कायदा भारतात नाही. म्हणून काही लोक ‘कायदाच नाही’ असे म्हणतात. हे म्हणणे अर्धवट आहे. मृतांच्या जागेचा विषय स्थानिक संस्थांकडे दिलेला आहे, आणि जमीन कोणत्या संस्थेच्या हद्दीत आहे यावर सगळे अवलंबून असते.

पनवेल हे याचे चांगले उदाहरण आहे. तेथील नगरपालिका १८५२ सालची, राज्यातील अगदी जुन्यांपैकी. परंतु नगराच्या वेशीबाहेरची गावे ग्रामपंचायतींची होती. १९७० साली सिडकोची स्थापना झाली, ठाणे, पनवेल आणि उरण या तालुक्यांतील जमिनी नव्या मुंबईसाठी घेतल्या गेल्या, खाचरांच्या जागी कळंबोली, कामोठे, खारघर उभी राहिली. पुढे १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका झाली आणि एकोणतीस गावे तिच्यात आली. म्हणजे ३० सप्टेंबरला जे शेत ग्रामपंचायतीच्या नियमांखाली होते, ते दुसऱ्या दिवशी सकाळी महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ खाली आले. आंबा जागचा हलला नाही, बांध हलला नाही. नियम मात्र हलला.

महानगरपालिकेच्या हद्दीत मृतांच्या विल्हेवाटीच्या जागा ठेवणे आणि त्यांचे नियमन करणे हे पालिकेचे बंधनकारक कर्तव्य मानले आहे. अशा जागांची नोंद असावी लागते. नवी जागा उघडावयाची तर आयुक्तांची परवानगी लागते, मग ती जागा खाजगी मालकीची असो वा संस्थेची. एकदा पुरलेला देह पुन्हा काढणे हेही कोणाच्या इच्छेवर नाही. सारांश, सातबाऱ्यावर नाव असल्याने जमीन कसण्याचा अधिकार मिळतो, तिला स्मशान करण्याचा मिळत नाही. वडील मुलाला हे कटू वाटले. पण घरात राहण्याचा अधिकार असला म्हणून घरात गिरणी घालता येत नाही, हे त्यालाही ठाऊक होते.

ग्रामपंचायतीच्या हद्दीत मार्ग थोडा वेगळा आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या अनुसूचीत ग्रामपंचायतीच्या कामांमध्ये दहन आणि दफन भूमींचा विषय आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २२ प्रमाणे शासनाच्या मोकळ्या जमिनीतून गुरचरण, गावठाण यांप्रमाणेच दहनभूमी वा दफनभूमीसाठीही जागा राखून ठेवता येते. हे कलम परमार्गातील प्रत्येक गावकऱ्याने लक्षात ठेवण्यासारखे आहे, कारण त्यात मागण्यास आधार आहे. खाजगी शेतात दफनभूमी करावयाची तर जमिनीचा उपयोग बदलतो, आणि तो ग्रामपंचायतीला, महसूल खात्याला व नियोजन प्राधिकरणाला डावलून बदलता येत नाही. पनवेल तालुक्यातील पुष्कळ गावे २०१३ पासून विमानतळ प्रभाव क्षेत्रात, म्हणजे नैनाच्या आराखड्यात, आली आहेत. तेथे नियोजनाचा अधिकार सिडकोकडे गेला. ज्या आंब्याखाली आज सावली आहे तेथून उद्याच्या आराखड्यात रस्ता जात नाही ना, हे पाहिल्याशिवाय देह ठेवणे म्हणजे ठेव कोणाकडे ठेवली हेच न पाहणे.

याच ठिकाणी भिक्षूंनी त्या गृहस्थाच्या वडील मुलास विचारले, “तुझ्या मुलांनी ही जमीन विकली तर?” तो म्हणाला, “बाबाजी, ते विकणार नाहीत.” भिक्षू हसले. ज्या भागात एका पिढीत खाचरांचे मजले झाले तेथे असे वचन कोणी द्यावे? नोंद नसलेला निक्षेप सातबाऱ्यावर दिसत नाही. विकत घेणाऱ्याला तो ठाऊक नसतो, पाया खणणाऱ्या यंत्राला तर नसतोच. एके दिवशी मातीबरोबर अस्थी वर येतात, काम थांबते, पोलीस येतात, आणि ज्यांना ओळखायचे ते दूरदेशी असतात. मनूने निक्षेपामागोमाग अस्वामिविक्रय का मोजला असेल, असा प्रश्न येथे मनात आल्यावाचून राहत नाही.

याच्या उलट एक उदाहरण रायगड जिल्ह्यातच आहे. बेने इस्रायल समाज शतकानुशतके या किनाऱ्यावर राहिला. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. पनवेलचे त्यांचे बेथ-एल प्रार्थनामंदिर १८४९ सालचे. अलिबागजवळ नवगाव येथे त्यांच्या पूर्वजांचे परंपरेने मानलेले दफनस्थान आहे. १९४८ नंतर यांतील बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली. जिवंत माणसे गेली, तरी दफनस्थान राहिले, कारण ते एका घराचे नव्हते, समाजाचे होते आणि सर्वांना माहीत होते. घराची जागा घराबरोबर जाते. समाजाची जागा समाजातले चार जण उरले तरी राखली जाते. मार्ग वेगळा, दैवत वेगळे, तरी शिकण्याजोगे तेथून शिकावे.

आता न्यायालयांकडे वळू. ‘न्यायालयात गेलो तर आपल्या जमिनीत परवानगी मिळेल’ असे कित्येकांना वाटते. अलीकडची दोन प्रकरणे पाहिली म्हणजे स्थिती कळते. जुलै २०२४ मध्ये तामिळनाडूत बहुजन समाज पक्षाचे राज्याध्यक्ष के. आर्मस्ट्राँग यांची हत्या झाली. त्यांचा देह चेन्नईत पक्षकार्यालयाच्या आवारात पुरावा अशी पत्नीची मागणी होती. मद्रास उच्च न्यायालयाने रविवार, ७ जुलै रोजी बसून ती ऐकली. दाट वस्तीत ते मान्य झाले नाही. तिरुवल्लूर जिल्ह्यातील पोत्तूर येथे एका नातेवाइकाच्या एक एकर जमिनीत दफन करण्यास अनुमती मिळाली. म्हणजे खाजगी जमीन सर्वथा वर्ज्य आहे असे नाही. पण ती अनुमती मागून, जागा पाहून, शासनाचे म्हणणे ऐकून मिळालेली आहे.

दुसरे प्रकरण अधिक दुःखाचे आहे. छत्तीसगडच्या बस्तर भागातील छिंदवाडा गावी एक ख्रिस्ती धर्मोपदेशक ७ जानेवारी २०२५ रोजी निवर्तले. मुलाला त्यांना गावातच, नाही तर स्वतःच्या शेतात, पुरावयाचे होते. गावकऱ्यांनी विरोध केला. प्रकरण उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेले. २७ जानेवारीला दोन न्यायमूर्तींचे दोन निकाल आले. न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना यांनी स्वतःच्या शेतात दफन करू द्यावे असे म्हटले. न्यायमूर्ती सतीशचंद्र शर्मा यांचे म्हणणे असे की, धर्माचरणाचा अधिकार आहे, तथापि दफनाची जागा निवडण्याचा अधिकार अनिर्बंध नाही, नेमलेल्या ठिकाणीच ते व्हावे. मतभेद असूनही प्रकरण मोठ्या पीठाकडे न पाठवता, अनुच्छेद १४२ चा आधार घेऊन, वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या करकापाल येथील ख्रिस्ती दफनभूमीत देह ठेवण्याचा आदेश झाला, कारण तोवर तो देह वीस दिवस शवागारात पडून होता.

या वीस दिवसांवर परमार्गातील प्रत्येक कुटुंबाने क्षणभर थांबावे. त्या मुलाचे काय चुकले? त्याने पित्याची इच्छा धरली. गावकऱ्यांची वृत्ती न्याय्य होती काय, हा प्रश्न उरतोच. न्यायमूर्ती नागरत्ना यांनी त्यावर कठोर लिहिले आहे. पण देशातील सर्वोच्च न्यायपीठावरही या विषयात एकवाक्यता झाली नाही, एवढे तरी यावरून दिसते. जेथे न्यायमूर्ती एकमत होत नाहीत, तेथे मृत्यूच्या रात्री दोन भाऊ कंदील आणि कुदळ घेऊन निर्णय करू पाहतील, तर तो कसा टिकेल? नेमलेली जागा आधीपासून जवळ असती तर त्या मुलाला न्यायालयात जावेच लागले नसते. गोवंडीच्या दफनभूमीच्या प्रश्नात मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ साली महापालिकेला दोष दिला तो याच मुद्द्यावर, की मृतांसाठी जागा देणे ही मेहेरबानी नसून कायद्याने सोपविलेले काम आहे. तेव्हा मागणी करण्यात संकोच नसावा.

जागेचा प्रश्न सुटला तरी नोंदीचा उरतो. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ प्रमाणे मृत्यूची वर्दी एकवीस दिवसांत द्यावी लागते. घरी मृत्यू झाला तर ती कुटुंबप्रमुखाने द्यावयाची. धर्मशाळा व तत्सम ठिकाणी झाला तर त्या ठिकाणच्या व्यवस्थापकाने द्यावयाची. आश्रमांच्या महंतांनी हे विशेषतः ध्यानात घ्यावे. दफनाच्या जागेचा जो रखवालदार वा मालक, त्याच्यावरही मृत्यू कळविण्याचे दायित्व आहे. ज्याने आपल्या शेताला दफनाची जागा केले, तो असा मालक ठरतो, हे वडील मुलाच्या ध्यानी नव्हते. एकवीस दिवस चुकले तर तीस दिवसांपर्यंत विलंबशुल्क देऊन, वर्षाच्या आत लेखी अनुमतीने, आणि त्यापुढे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने नोंद होते. २०२३ च्या दुरुस्तीनंतर हे आदेश देण्याचे काम जिल्हाधिकारी, उपविभागीय वा कार्यकारी दंडाधिकारी यांच्याकडे आले आहे.

भिक्षूंच्या बाबतीत येथे नेहमी घोटाळा होतो. अनुसरलेल्या पुरुषाने घर सोडलेले, नाव बदललेले, मागचा संबंध तोडलेला. देहान्त झाला की शिष्य भूमिडाग देतात, स्मरण करतात आणि कागद कोणी करत नाही. ‘संन्याशाला दाखला कशाला?’ असे विचारतात. संन्याशाला नको, हे खरे. पण आश्रमाच्या जमिनीच्या कागदांवर त्याचेच नाव असते, आणि दाखला नसल्याने पुढे शिष्याशिष्यांत दावे उभे राहतात. निःसंग पुरुषाच्या मागे वाद उरला तर त्याच्या निःसंगतेस तो उणेपणा आणतो. तसेच मृत्यू अपघाताने, विषाने वा संशयास्पद रीतीने झाला असेल तर प्रथम पोलिसांना कळविले पाहिजे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ प्रमाणे चौकशी झाल्याविना देह भूमीत ठेवू नये. पुरलेला देह मृत्यूचे कारण जाणण्यासाठी बाहेर काढविण्याचा अधिकार कलम १९६ ने दंडाधिकाऱ्यांना आहे. भूमीत ठेवले म्हणजे झाकले असे कोणी समजू नये.

आणखी एक गोष्ट आहे, जी कायद्यात नाही पण परमार्गात आहे. शेतात निक्षेप झाला की वर्षाने तेथे चौथरा होतो, पाच वर्षांनी छत्री होते, दहा वर्षांनी नवस बोलले जातात. स्थान कशाने स्थान होते? परमेश्वरावताराच्या संबंधाने. जेथे श्रीचरण लागले, जेथे आसन झाले, तेथे ओटा आणि तेथे नमस्कार. जीवाचा देह ठेवल्याने ती भूमी स्थान होत नाही, मग तो जीव कितीही ज्ञानी असो. कुटुंबाच्या जमिनीतले निक्षेप हा या चुकीचा सोपा आरंभ आहे, कारण तेथे अडविणारे कोणी नसते. आचारप्रकरणात स्वदेशाचा, स्वग्रामाचा आणि त्याहून विशेष करून आप्तांचा संबंध सोडावा असे साधनवंतास सांगितले आहे. देशाच्या टोकाला, वृक्षातळी, कशावरही स्वामित्व न ठेवता आयुष्य घालविण्याचा तो उपदेश आहे. गृहस्थाला तो जसाच्या तसा लागू नाही. पण ज्या वृक्षाखाली ‘माझा’ म्हणून निजावयाचे, तो वृक्ष त्या उपदेशातला वृक्ष नव्हे, एवढे गृहस्थानेही समजावे.

भिक्षूंचे बोलणे येथवर आले तेव्हा धाकट्याने विचारले, “मग बाबाजी, करायचे काय? ऋद्धपूर सहाशे किलोमीटरांहून दूर आहे. बाबांना तिकडे नेणे प्रत्येकाला जमणार आहे का?” त्यावर त्यांनी क्रम सांगितला. प्रथम जवळच्या स्मशानभूमीत चौकशी करावी. हिंदू समाजातही लहान बालके पुरली जातात, लिंगायत बांधव पुरतात, गोसावी पुरतात. म्हणून पुष्कळ स्मशानभूमींत दहनाच्या ओट्यांखेरीज एखादा कोपरा त्यासाठी असतो. तो असल्यास त्याचा उपयोग आपणासही व्हावा, असे लेखी मागावे. नसल्यास पनवेल, कळंबोली, कामोठे, खारघर येथील जेवढी उपदेशी कुटुंबे आहेत त्यांनी मिळून आयुक्तांकडे अर्ज करावा आणि विकास आराखड्यात दफनभूमीसाठी आरक्षण मागावे. एका घराचा अर्ज भावनेचा ठरतो, पन्नास घरांचा गरजेचा. कोणास आपली जमीन समाजासाठी द्यावयाची असेल तर तीही अशाच रीतीने, नोंदणीकृत विश्वस्त संस्थेमार्फत द्यावी. मात्र शेतजमीन शेतकरी नसलेल्या संस्थेकडे जाताना जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते, ती घेतल्यावाचून दानपत्र करू नये. विहीर, ओहोळ आणि वस्ती यांपासूनचे अंतर आधी मोजून घ्यावे. आणि हे सर्व मृत्यूच्या आधी करावे. नंतर वेळ असतो तो शोकाचा. त्या वेळी अर्ज नीट लिहिला जात नाही.

वडील मुलगा म्हणाला, “पण बाबांची इच्छा आंब्याखालची आहे.” भिक्षू म्हणाले, “त्यांची इच्छा दोन आहेत. एक अग्नी नको, दुसरी आंबा हवा. पहिली आचाराची, दुसरी आवडीची. पहिली पुरी करणे तुमचे काम आहे. दुसरी त्यांनाच विचारा.”

दोघे परत आले आणि झाले ते सर्व वडिलांना सांगितले. म्हातारा बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिला. मग त्याने विचारले, “सगळ्यांची मिळून जागा झाली, तर तुझ्या आईला माझ्याजवळ ठेवता येईल?” धाकटा म्हणाला, “एकाच भूमीत राहाल. अगदी शेजारी असेलच असे आत्ता सांगता येत नाही.” आई म्हणाली, “एका भूमीत असलो म्हणजे झाले.” म्हाताऱ्याने कपाटातून हिशेबाची जुनी वही काढली, कोरे पान उलटले आणि पनवेल परिसरातील उपदेशी कुटुंबांची नावे आठवतील तशी लिहावयास घेतली. त्या संध्याकाळी एकवीस नावे झाली. पहिल्या रविवारी दोघे भाऊ अर्ज घेऊन कळंबोलीत फिरले, दुसऱ्या रविवारी खारघरला गेले.